गरम इंजिनाचा वास

“आधी वास, मग पाना.”

चाचांकडे गाडी घेऊन कुणीही गेलं की ते एवढंच म्हणत. मग बॉनेट उचलत, दोन्ही हात पाठीमागे बांधत, आत वाकत आणि डोळे मिटून घेत. तेवढा वेळ कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. पहिल्याच भेटीत मी बोललो. डोळे न उघडताच ते म्हणाले, “भाऊ, तुमी बोलताय तवर मला तुमची तंबाखूच येती. इंजिन येत न्हाई.”

मी तंबाखू सोडल्याचं घरी सांगून तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि माझी बायको शेजारीच उभी होती.

जुन्नरात, गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मी चाचा म्हणायचो. सत्तरीला टेकलेले, अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि तिच्यावर ग्रीसची तीन-चार बोटं उमटलेली. आजकालच्या गॅरेजमध्ये गाडीला वायर लावतात आणि तिचं दुखणं पडद्यावर वाचतात. चाचांचा सगळा व्यवहार त्याच्या आधीच्या गाड्यांशी. कार्बोरेटरच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या म्हाताऱ्या जिपा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत अशा जिपा आता मोजक्याच उरल्यात, आणि त्यांचे मालक म्हणजे माझ्यासारखे, वडिलांची वस्तू विकवत नाही आणि चालवताही येत नाही असे लोक.

आमची जीप दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नारायणगावला माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे; तिथं जायला दुचाकी पुरते. जीप निघायची ती उन्हाळ्यात, आईला घेऊन आणे घाटापलीकडे तिच्या माहेरी जायला. आणि दरवर्षी ती एकाच जागी बंद पडायची.

घाट चढून वर गेलं की रस्त्याच्या कडेला म्हसोबाचं छोटंसं ठाणं आहे. तिथं थांबायचं, गाडी बंद करायची, पाया पडायचं, मग पुढं. देवासमोर इंजिन धडधडत ठेवणं म्हणजे चपला घालून गाभाऱ्यात शिरण्यासारखं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. तर आम्ही बंद करायचो, पाया पडायचो, आणि जीप सुरू व्हायची नाही. आईचं मत पहिल्या वर्षीच पक्कं झालं: देवाला काहीतरी हवंय. मग नारळ आणायला कुणीतरी खाली टपरीपर्यंत चालत जायचं, तो फोडायचा, खोबरं वाटायचं, प्रसाद घेणाऱ्या वाटसरूंशी गावकी काढायची. हे सगळं होईपर्यंत अर्धा तास जायचा. नंतर किल्ली फिरवली की जीप पहिल्या फटक्यात सुरू. पुढच्या वर्षी आईनं घरूनच दोन नारळ घेतले, कारण देव अडवणार हे आता ठरलेलंच होतं.

मी शास्त्र शाखेचा पदवीधर आहे. मीसुद्धा नारळ धरून उभा असायचो, हे सांगितलं पाहिजे.

ही हकिगत मी चाचांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, एका नारळाला साधारण किती मिनिटं लागतात. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू औषधाचं प्रमाण बरोबर निघालं.

मग त्यांनी मला जे समजावलं ते असं. घाट चढून आलेलं इंजिन तापलेलं असतं, पण चालू आहे तोवर पंख्याचा वारा लागतो आणि टाकीतलं गार पेट्रोल पाइपातून वाहत राहतं. बंद केलं की वाराही थांबतो आणि पेट्रोलही. उष्णता मात्र तिथंच कोंडते. इंजिनाच्या अंगाला पेट्रोल खेचणारा छोटा पंप असतो. त्यात आणि पाइपात उभं राहिलेलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते. होळीच्या पिचकारीत रंगाऐवजी हवा शिरली तर दट्ट्या कितीही ढकला, काही उडत नाही. तसं. वाफ निवून परत पेट्रोल होईपर्यंत गाडी हलत नाही. म्हणजे अर्धा तास, किंवा एक नारळ.

उपाय सोपा होता: वर पोचल्यावर बंद करायची नाही, वाऱ्याकडे तोंड करून पाचेक मिनिटं चालू ठेवायची. पण हे आईला सांगणार कोण. मी नाही म्हटलं. बायको म्हणाली, तुमची आई, तुम्ही बघा. शेवटी चाचांनी स्वतः फडक्याला हात पुसले आणि जिपेत बसलेल्या आईपाशी जाऊन उभे राहिले.

“आई, देवापुढं गाडी चालू ठिवा. देव न्हाई रागवत. पंप रागवतो.”

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग तिनं विचारलं, आणि नारळ?

“नारळ तर फोडायचाच. पण गाडी चालू ठिवून.”

त्या वर्षीपासून आम्ही पाळीपाळीनं उतरतो, जीप वाऱ्याकडे तोंड करून गुरगुरत राहते आणि म्हसोबानं कधी तक्रार केलेली नाही. आईनं नंतर नातेवाइकांत सांगितलं की जुन्नरच्या मिस्त्रींना देवाधर्माचं चांगलं कळतं.

बाकीची कामं त्यांनी हळूहळू केली. सायलेन्सरच्या गरम पाइपाला चिकटून जाणारा पेट्रोलचा पाइप त्यांनी लांबून फिरवला. तेलाचा डबा कापून दोहोंच्या मधे पत्र्याची आडोशाची भिंत केली. कार्बोरेटरखाली जाड फायबरची चकती घातली, म्हणजे खालची धग वर चढत नाही. पंपावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. उन्हाळ्यात लांब जाताना ती भिजवून घ्यायची. नवं कापड चालत नाही म्हणाले, धुऊन धुऊन मऊ झालेलंच पाणी धरतं. दादांचं एक धोतर आईनं जपून ठेवलं होतं, त्यातलं अर्धं असं कामी आलं.

आणि एक गोष्ट ते प्रत्येक वेळी बजावायचे: रबर बघत जा. पेट्रोलात आता उसापासून केलेलं स्पिरिट मिसळतात. ते लवकर उकळतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर मऊ करून टाकतं. “तुमचाच ऊस तुमचंच रबर खातो, राव,” म्हणायचे. मऊ झालेला पाइप गळायला लागतो. आणि गरम इंजिनावरची गळती डोळ्याला दिसत नाही, कारण थेंब खाली पडायच्या आत उडून जातो. ती फक्त नाकाला कळते. नाही कळली, तर पुढे काय होतं हे त्यांनी तरुणपणी एकदा पाहिलं होतं. त्याबद्दल ते बोलायचे नाहीत. म्हणून आधी वास, मग पाना.

करोनाच्या साथीत चाचा आणि त्यांची बायको, आमच्या चाची, दोघंही आजारी पडले आणि दोघंही उठले. जुन्नरात त्या वर्षी एवढंच पुष्कळ होतं. शेड पुन्हा उघडलं. चाचा पूर्वीसारखेच वाकायचे, डोळे मिटायचे.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुकानात औषधाची बाटली माझ्या पँटवर फुटली. ते औषध असं आहे की टमाट्यावर मारलं तर शेजारच्या गावाला कळतं. बदलायला कपडे नव्हते आणि दुरुस्तीला ठेवलेली जीप आणायला मला जुन्नरला पोचायचं होतं. वारूळवाडीच्या फाट्यावर चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं ग्लास लांबून सरकवला. तसाच मी चाचांच्या शेडमध्ये जाऊन त्यांच्या अगदी शेजारी बसलो. एरवी दुकानात नुसतं पोतं उघडलं तरी हा माणूस मला दारातच विचारायचा, आज काय फवारायला काढलंय म्हणून. त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे.

मी माणसांबद्दल असे अंदाज पुष्कळ बांधतो.

मग त्यांनी आमच्या जिपेचं बॉनेट उघडलं, हात मागे बांधले, वाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, बरोबर आहे. त्याच वेळी मला पाइपाच्या जोडाखाली ओल दिसली. इंजिन अजून गार होतं, म्हणून दिसली. एक थेंब लोंबकळत होता. मी बघत असताना तो पडला आणि दुसरा धरू लागला.  चाचांनी डोळे उघडले तेव्हा मी कुठे बघतोय ते त्यांना दिसलं. त्यांनी माझ्या नजरेमागून नजर नेली, तो थेंब बघितला आणि बॉनेट धरलेला हात तसाच राहिला.

मग त्यांनी बोटानं थेंब टिपला, नाकाशी नेला आणि मान हलवली.

“पाण्यावानी हाय,” ते म्हणाले. “त्या तापात गेलं. अजून आलं न्हाई.”

नाक गेलंय हे वर्षभर कुणालाही कळलं नव्हतं. चाचींनाही नाही, असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की येईल, आज ना उद्या. मग रोज सकाळी ते पेट्रोलची बाटली नाकाशी धरून बघायचे. अजून थोडं थांबू, एवढा उन्हाळा काढू, असं करत दुसरा उन्हाळा लागला होता. मी विचारलं, मग गाड्या कशा सोडता. ते म्हणाले, बोटानं चाचपतो, कानानं ऐकतो. आणि वाकतो, कारण न वाकलो तर लोक विचारतील.

त्या दिवशी मी खरं तर एकच सांगायला हवं होतं: चाचा, हे थांबवा. त्याऐवजी मी विचारलं, मी काही मदत करू का.

तर मी त्यांचं नाक झालो. माझं नाक. माझ्या घरात डाळ करपली तर शेजारीण येऊन सांगते. मला बारा महिने सर्दी, आणि माझं नाक म्हणजे केवळ चष्मा टेकायची जागा, असं बायकोचं म्हणणं आहे. पण दुसरा उमेदवार नव्हता. दर बुधवारी माझं दुकान बंद असतं. पेट्रोल जिपांची सगळी कामं चाचांनी बुधवारावर ढकलली. इतर दिवशी ब्रेक आणि क्लच. काम संपलं की गिऱ्हाइकासमोर ते नेहमीसारखे वाकायचे. त्यांच्या पाठीमागून, काहीतरी बघतोय असं दाखवत, मीही वाकायचो. मग ते हळूच विचारायचे, हाय का न्हाई. मी म्हणायचो, आहे, किंवा नाही.

त्यांनी मला शिकवलंही. कच्च्या पेट्रोलचा वास वेगळा, अर्धवट जळालेल्याचा वेगळा, तापलेल्या रबराचा वेगळा. ज्यांना स्वतःला काहीच येत नव्हतं ते मला आठवणीतून सांगायचे, आणि मी हुंगून होय-होय करायचो. खरं सांगतो, मला ते दिवस आवडायला लागले होते. जन्मात पहिल्यांदा माझ्यावाचून कुणाचं तरी अडत होतं. गिऱ्हाइकं मला छोटे मिस्त्री म्हणायला लागली, आणि मी ते घरी दोनदा सांगितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यातल्या एका बुधवारी, घोडेगावकडचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांची जीप चढावर वाफ धरून बंद पडायची. बरोबर त्यांची म्हातारी आई आणि दोन नाती; कुठल्याशा साखरपुड्याला आले होते, दुपारी परतायचं होतं. चाचांनी सकाळभर काम केलं. पाइप लांबून नेला, पत्र्याचा आडोसा लावला, जोडाला स्वतःकडचाच रबरी तुकडा घातला. मुली शेडबाहेर चिंचोके गोळा करत होत्या.

मला त्या दिवशी सर्दी होती. नेहमीची नव्हे, डोकं जड करणारी. घरून निघालो तेव्हाच मला माहीत होतं. पण छोटे मिस्त्री बुधवारी गेले नाहीत, असं कसं चालेल.

चाचा वाकले, मी वाकलो. त्यांनी विचारलं, हाय का न्हाई. मी श्वास ओढला. नाकातून काही आत गेलंच नाही. गुरुजी घड्याळ बघत होते.

मी म्हणालो, “नाही.”

जीप निघून गेली. दहाएक मिनिटांनी चाचा जागा आवरत होते. जिपेखाली ते नेहमी एक पुठ्ठा अंथरत. तेल सांडून सांडून तो काळा झालेला होता. त्या काळ्यावर एक जागा उजळ दिसत होती, बशीएवढी, तेल धुऊन निघाल्यासारखी. चाचांनी त्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

“गार लागतंय,” ते म्हणाले. पेट्रोल उडताना गार लागतं.

पुठ्ठा त्यांनी माझ्या नाकाशी आणला नाही. तेव्हा घाईत माझ्या ते लक्षात आलं नाही. ते एवढंच म्हणाले, गाडी काढा.

गुरुजींना फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. बहुधा इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नसावा. आम्ही आमची जीप काढली आणि घोडेगावच्या रस्त्याला लागलो. दुपारचे दोन वाजले असतील. डांबर मऊ झालं होतं. मी पाय दाबला तसा चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“हळू. वाफ धरली तर आपणच मधी बसू. मग तितं कोण पोचायचं?”

त्यांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे सहन होत नव्हतं. पुढे दोन मुली एका गळक्या जिपेत बसून चालल्या होत्या आणि आम्ही लग्नाच्या वरातीसारखे चाललो होतो. चढाच्या आधी त्यांनी मला थांबायला लावलं. मी ओरडलो असेन. काय बोललो ते आठवत नाही. ते शांतपणे उतरले, इंजिन चालूच ठेवायला लावलं, बॉनेट उचललं आणि प्यायच्या पाण्याची बाटली पंपावरच्या धोतराच्या पट्टीवर ओतली. सगळी.  मग आत बसले आणि म्हणाले, आता चढवा.

जीप चढली. कुरकुरली नाही.

चढाच्या वर, बाभळीच्या सावलीत गुरुजींची जीप उभी दिसली. बॉनेट लावलेलं होतं. मुली मागे बसलेल्या, गुरुजी स्टिअरिंगवर. त्यांची आई मात्र खाली रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती आणि आत बसायला तयार नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा गुरुजी तिला सांगत होते की आत्ताच मिस्त्रींनी तपासून दिलीय, एवढा जाणता माणूस, तुला उगाच भास होतोय. ती म्हणत होती, रॉकेल सांडल्यागत येतंय, मी नाही बसायची. गुरुजींचा हात किल्लीवर होता.

चाचांना मी पळताना तेवढंच एकदा बघितलं. खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली ओढून घेतली आणि मुलींना खाली उतरा म्हणाले. मग बॉनेट उघडलं. जोडातून पेट्रोल झिरपत होतं आणि पाइपाच्या कडेनं ओघळून गरम लोखंडाच्या वीतभर अलीकडे थांबत होतं.

गुरुजी म्हणाले, म्हातारीचं खरं निघालं म्हणायचं. चाचा त्यांच्यासमोर उभे राहिले.

“आईंचंच खरं हाय. मला वास येत न्हाई, गुरुजी. दोन वर्सं झाली, तिसरं लागलं.”

गुरुजींना आधी कळेचना. मग कळलं. त्यांनी नातींना जवळ ओढलं आणि विचारलं, “मग तुम्ही वाकून काय करत होता?”

 मी चाचांच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. एक वाक्य मला बोलता आलं असतं. रस्त्यावर उन्हाशिवाय मला कुणी अडवत नव्हतं.

आमच्या जिपेच्या खोक्यात नव्या रबराचा पाइप होता, त्यांनीच ठेवायला लावलेला. इंजिन निवेपर्यंत थांबून त्यांनी तो कापून बसवला, पट्टा आवळला. मग म्हातारीपाशी जाऊन उकिडवे बसले आणि विचारलं, आई, कसा येत व्हता? ती भांडायच्या तयारीत होती. हा प्रश्न ऐकून तिची पंचाईत झाली. तिनं आठवून आठवून सांगितलं: रॉकेलासारखा, पण त्याहून पातळ, गोडसर, डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. मग तिला हात धरून जिपेपाशी आणलं. ती कंबरेतून वाकली, पदर बाजूला धरून तिनं पुरता श्वास घेतला आणि म्हणाली, आता नाही. मुलींना तिनं स्वतः हात देऊन वर चढवलं.

पुढच्या बुधवारी शेड बंद होतं. चाचांनी स्वतःच गावात सांगायला सुरुवात केली होती. मशिदीत, चहाच्या टपरीवर, बाजारात भेटेल त्याला. माझं नाक गेलंय, गाडी दुसरीकडं दाखवा. काही जण हसले. काही चिडले, दोन वर्षांत आपण कितीदा बायकापोरं घेऊन त्या गाड्यांतून फिरलो हे आठवून चिडले, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. ब्रेकच्या कामाला नाक लागत नाही, तरी तीही कामं गेली. माझं नाव मात्र कुठेच आलं नाही. छोट्या मिस्त्रींना कुणी काही विचारलं नाही.

मी दोन महिने जुन्नरला फिरकलो नाही. दुकानात हंगाम आहे, असं घरी सांगत राहिलो. एके दिवशी जेवताना आई म्हणाली, त्या बुधवारी सकाळी तर तुला मी वाफारा दिला होता. एवढंच म्हणाली आणि भाताकडे वळली. मला ते ताट संपवता आलं नाही.

गेलो. चाचा घराच्या ओट्यावर बसले होते. हात स्वच्छ होते. नखांतलं काळंसुद्धा निघून गेलं होतं, आणि ते हात मला ओळखू आले नाहीत. चाचींनी पाणी आणलं. मी इकडचं तिकडचं बोललो, पावसाचं, टमाट्याच्या भावाचं, येडगाव धरणात किती पाणी आलं त्याचं. शेवटी बोललो. त्या दिवशी मला सर्दी होती, म्हटलं. मला काही येत नव्हतं, तरी मी नाही म्हणालो.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “तुमचा आवाज सकाळपासनं बसल्याला व्हता. मला नाक न्हाई, भाऊ. कान हायेत.”

मी विचारलं, मग मला विचारलंत कशाला.

 ओट्याखालच्या रस्त्यावरून कुणाची तरी नवी गाडी गेली, आवाज न करता.

“मुली बाहेर खेळत व्हत्या. गुरुजी घाईत व्हते. लई लांबनं आल्याले, माझं नाव ऐकून.” ते थांबले. “कुणीतरी न्हाई म्हणावं असं वाटत व्हतं. तुमी म्हणाला.”

 दाराआडून चाची म्हणाल्या की त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यांनी दूध उतू जाऊन करपू दिलं होतं, मुद्दाम, आणि चाचा शेजारी बसून पेपर वाचत राहिले होते. दोन वर्षं त्याही गप्प होत्या. चाचांनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. 

त्यानंतर मी अधूनमधून जायचो. गाड्यांचं बोलणं ते काढायचे नाहीत. एकदाच विचारलं, आईंना घाटावर घेऊन जाता का. हो म्हटलं तर म्हणाले, रबर दर वर्षी बदला, दिसायला चांगलं असलं तरी.

थंडीत ते गेले. झोपेतच, असं चाचींनी सांगितलं. मातीला जुन्नरचे बरेच लोक होते. ज्यांनी गाड्या आणायच्या थांबवल्या होत्या तेही होते. गुरुजी घोडेगावहून एस.टी.नं आले होते आणि शेवटपर्यंत एका बाजूला उभे राहिले. पद्धती मला माहीत नसल्यामुळे मी मागे, भिंतीजवळ होतो. पुढे कुणीतरी ओल्या मातीवर गुलाबपाणी शिंपडलं. मी होतो तिथून ते बरंच लांब होतं, तरी त्याचा वास मला आला.